रस्त्याचा परकर

आमच्या घराला नळ नाही. विहीरही नाही, कारण हातभर खोदलं की बर्फ लागतो, आणि तो हजारो वर्षांचा बर्फ आहे, कुणाचं ऐकत नाही. पाणी येतं टँकरने. टँकर येतो आमच्या चढावरून. आणि आमचा चढ म्हणजे काय चीज आहे ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या सगळ्या गोल्डस्ट्रीम खोऱ्याने बघितलंय. मधल्या वळणावर टँकर दारापर्यंत रुतला. ड्रायव्हर ड्वेट खिडकीतून बाहेर पडला, टपावर चढून बसला आणि डबा उघडून सँडविच खायला लागला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

टँकर ओढून काढायला लॉर्ना आली. लॉर्ना रस्त्यांची कंत्राटं घेते. मूळची नेनाना गावाकडची, तिथल्या नदीकाठच्या जुन्या लोकांतली. बोलते कमी. मी वळणावर उभी राहून बोलत होते, कारण मला गप्प बसता येत नाही.

"टँकर जड होता म्हणून नाही रुतला," मी म्हटलं. "माती पाणी वर ओढते, म्हणून रुतला."

"तुला काय माहीत?"

"हिवाळ्यात रस्ता फुगतो. बरोब्बर इथेच. दर वर्षी. बाबा म्हणतात तुला भास होतो."

"बाबा काय करतात?"

"शाळेत उपमुख्याध्यापक आहेत."

"आणि तू आज शाळेत का नाहीस?"

"सोडली."

"त्यांचीच शाळा?"

"त्यांचीच."

लॉर्ना हसली नाही, पण तिने बुलडोझर बंद केला. आमच्याकडे कुणी बुलडोझर बंद करून तुमचं ऐकायला लागलं तर तो मोठा मान असतो.

(शाळा का सोडली ते विचारू नका. बाबा विचारतात. रोज. जेवताना. माझ्या वाट्याचं उत्तर संपलंय.)

तर लॉर्नाने सांगितलं ते असं. आमची माती पिठासारखी बारीक. थंडी पडली की ती खालून पाणी ओढत राहते आणि त्याचे बर्फाचे थर करते. उन्हं तापली की वरचं वितळतं, खालचं गोठलेलंच राहतं. मग पाणी जाणार कुठे? रस्त्याची लापशी होते. खडी कितीही ओता, लापशीत खडी. पण आता एक कापड निघालंय. दिसायला जाड गोणपाट, पण त्यात आडवे धागे असतात, आणि त्या धाग्यांना बारीक बारीक खाचा. रॉकेलच्या दिव्याची वात जशी तेल ओढते तसे ते धागे मातीतलं पाणी ओढतात आणि रस्त्याच्या कडेला आणून सोडतात. कडेला वारा लागतो, पाणी उडून जातं, की धागा आणखी ओढतो. उत्तरेकडच्या हायवेवर लॉर्नाने ते घातलं होतं. एक गुंडाळी उरली होती.

"तुला देते," ती म्हणाली. "घालून बघ. जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात माझ्या टोळीत ये. मला हात असलेले पुष्कळ मिळतात. डोळे असलेले मिळत नाहीत."

मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. शाळेत माझ्या डोळ्यांबद्दल एवढंच म्हणायचे की ते खिडकीबाहेर असतात.

बाबांनी लॉर्नाला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली आणि अट घातली. बाबांना अट घातल्याशिवाय कॉफीसुद्धा देता येत नाही. "पुढच्या वर्षी बर्फ वितळत असताना भरलेला टँकर या चढावरून वर आला आणि खाली गेला, तर ब्रिन तुमच्याबरोबर. नाहीतर ऑगस्टमध्ये वर्गात." आणि मग, काही गरज नसताना: "पहिल्या बाकावर."

लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालेल." तोंडातून निघून गेलं. माझी सगळी मोठी कामं अशीच सुरू होतात.

ऑगस्टमध्ये आम्ही चढ खणला, कापड अंथरलं, वर खडी पसरली. हे एका वाक्यात लिहिलं की सोपं वाटतं. कापड आमच्या रस्त्यापेक्षा रुंद होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ते खडीखालून हातभर बाहेर लोंबत होतं. बाबा गालिचा कापायची सुरी घेऊन आले.

"हे बाहेरचं कापून टाकू. बरं दिसत नाही."

"तेच तर काम करतं. काठ उघडा पाहिजे. वारा लागायला पाहिजे."

"ब्रिन, लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते लोकांनी लगेच म्हटलं. आमच्या वाटेच्या रस्ता समितीच्या अध्यक्षा मिसेस बॅलार्ड गाडी थांबवून खिडकीतून म्हणाल्या, "आर्लो, तुमच्या रस्त्याचा परकर दिसतोय." बाबांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून सगळं खोरं विचारायला लागलं, काय ब्रिन, परकर कसा आहे? दुकानात, पोस्टात, सगळीकडे. आई दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथे लोक तोंडात यंत्र असतानासुद्धा विचारायचे.

मग समितीची बैठक बसली. प्रश्न असा की हे कापड म्हणजे गटार की आच्छादन? गटार असेल तर शेजाऱ्याची संमती लागते. आच्छादन असेल तर काही लागत नाही. एकजण म्हणाला, पाणी वाहून नेतं म्हणजे गटार. दुसरा म्हणाला, जमिनीवर अंथरतात म्हणजे आच्छादन. मी म्हटलं, ते जमिनीवर नाही, जमिनीत आहे. मिसेस बॅलार्ड म्हणाल्या, तुला बोलायची परवानगी नाही, तू अजून मतदार नाहीस. मी म्हटलं, पाणी पण मतदार नाही, ते कुठे थांबतंय? मला बाहेर काढलं. बाहेर तापमान उणे काहीतरी होतं. मी काचेला नाक लावून बघत बसले.

शेवटी ठरलं की कापड हे दोन्हींच्या मधलं आहे, आणि चढाच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या हार्लन पिटने त्याच्या बाजूचा काठ सांभाळावा. त्याची हरकत नसेल तर समितीची नाही.

हार्लन म्हातारा. त्याच्याकडे बर्फावरची घसरगाडी ओढणारे कुत्रे आहेत, खूप, प्रत्येकाला वेगळं लाकडी घर, आणि सगळे एकदम ओरडतात. त्याने हरकत घेतली नाही. "सांभाळतो की," म्हणाला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हार्लन काहीही सांभाळतो म्हणाला की मनापासून सांभाळतो.

हिवाळा गेला. रस्ता फुगला नाही. मी वळणावर फळी टाकून टाकून बघायची, गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून. सपाट. बाबा खिडकीतून बघायचे आणि मी वर बघितलं की पेपर वाचायचे. जेवताना आई म्हणायची, "रस्ता बरा आहे वाटतं." बाबा म्हणायचे, "मे यायचाय."

मे आला.

घरातल्या टाकीत तळाशी पाणी राहिलं होतं. ड्वेट म्हणाला शुक्रवारी येतो, नाही जमलं तर मग जूनमध्येच, तोपर्यंत डोंगरावरची गिऱ्हाइकं आहेत. लॉर्नाही शुक्रवारी येणार होती, कारण त्यानंतरच्या सोमवारी तिची टोळी उत्तरेला निघत होती. म्हणजे सगळं शुक्रवारवर. दरम्यान आम्ही भांडी ओल्या फडक्याने पुसत होतो आणि आंघोळीला गावातल्या धुलाईच्या दुकानात जात होतो, जिथे मागे न्हाणीघरं असतात. तिथे बाबा टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे होते आणि पुढे त्यांच्याच शाळेची मुलं. एकाने म्हटलं, "सर, तुम्ही आधी जा."

त्या आठवड्याच्या सोमवारी मी चढ उतरत होते. वरचा भाग टणक. कडक, कोरडा, पाऊल आपटलं तर वाजतो. माझी छाती फुगली. मधल्या वळणावर आले आणि पाय दबला. रुतला नाही, दबला, गादीवर दबतो तसा. मी पुन्हा आपटला. कडेच्या खडीतून बुडबुडे आले.

मी कडेला वाकले. वरच्या अंगाला काठ दिसत होता, वाऱ्यावर कडक वाळलेला. खालच्या अंगाला काठ नव्हताच. तिथे शेवाळ होतं. जाड, ओलं, हिरवट, हाताने थापून थापून बसवलेलं, त्यावर कुत्र्यांच्या घरातला पेंढा, आणि सगळ्यावर ओळीने दगड ठेवलेले, उडू नये म्हणून. सगळा हिवाळा बर्फाखाली. वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझं डोकं फिरलं. मी धावत हार्लनच्या अंगणात गेले. कुत्रे ओरडायला लागले, मी त्यांच्याहून मोठ्याने.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत. मुद्दाम केलंत."

हार्लन बादलीत मासे कापत होता. "काय केलं मी?"

"काठ झाकलात."

"झाकला ना." त्याचा चेहरा उजळला. "ऑक्टोबरातच. चांगला घट्ट झाकलाय. बघितलास?"

"का पण?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच वेडी. "अगं पोरी, जमीन उघडी ठेवतात का कुठे? शेवाळ काढलं की खालचा बर्फ वितळतो. मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना घर बांधलं, सगळं शेवाळ साफ केलं, अंगण झकास दिसायला लागलं. दोन उन्हाळ्यांत घर असं झालं." त्याने हात तिरका केला. "स्वयंपाकघरातून अंडं सोडलं की ते बाहेरच्या दारापर्यंत जायचं. मी सांभाळतो म्हटलं होतं ना समितीत? सांभाळलं."

आमच्याकडे प्रत्येक माणूस हेच शिकून मोठा होतो. जमीन झाका, शेवाळाला हात लावू नका, खालच्या बर्फाला ऊन लागू देऊ नका. मला पण आईने हेच शिकवलंय. हार्लनने माझ्या कापडावर प्रेमाने पांघरूण घातलं होतं आणि त्याखाली कापड गुदमरून मेलं होतं.

मी समजावलं. वात, धागे, खाचा, वारा. तो मान हलवत राहिला, पण "हो" वाली नाही, "बिचारी" वाली.

"पाणी आडवं चढतं म्हणतेस. आपण होऊन."

"हो."

"कापडातून."

मी घरी गेले, कापडाची उरलेली पट्टी आणली. त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या भांड्यात पट्टीचं एक टोक बुडवलं, दुसरं टोक कुंपणावरून वाऱ्यात लोंबत सोडलं. "उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी भांड्यातलं पाणी बरंच खाली गेलं होतं.

"डिक्सीने प्यायलं," हार्लन म्हणाला.

"डिक्सी बांधलेली होती."

"डिक्सीची जीभ लांब आहे."

मी तिथे काही बोलले नाही. गप्प राहून जो त्रास होतो तो मला त्या दिवशी कळला. मी वळणावर परत आले आणि एकटीने शेवाळ उपसायला लागले. ते ओलं शेवाळ दगडाइतकं जड असतं. आई कामावर जायच्या आधी दवाखान्याच्या कपड्यांवर बूट चढवून आली, तिने कितीतरी दगड बाजूला केले आणि गेली. बाबा आले, पायऱ्यांवर उभे राहिले.

"मी मदत करू शकत नाही," ते म्हणाले. "मी परीक्षक आहे."

"मी मागितली का?"

"नाही. मी फक्त स्पष्ट करतोय."

बुधवारी दुपारी फावडं टेकून मी खाली बघितलं, तर हार्लन उलट्या बादलीवर बसलेला. समोर डिक्सीचं भांडं, त्यात पट्टी. हातात कॉफी. डिक्सीला त्याने घरात कोंडलं होतं, ती आतून रडत होती. म्हातारा भांड्याकडे टक लावून बघत होता. मधेच वाकून भांड्याच्या कडेला नखाने खूण करायचा. मग पुन्हा टक. ऊन कलेपर्यंत तो तसाच बसून होता, आणि मी काम सोडून त्याला बघत होते.

नंतर तो उठला, गोठ्यात वापरतात तसला चार दातांचा काटा घेऊन वर आला आणि माझ्या शेजारी शेवाळ उपसायला लागला. गुरुवारी संपलं. काठ बाहेर आला, काळा, ओला, कुजका वास येणारा. आणि आभाळ भरलेलं. वारा नावाला नाही. एक पान हलत नव्हतं. मी बोट ओलं करून हवेत धरून धरून थकले. हार्लन म्हणाला, "कुत्र्यांना पंखा लावतो तो आणू का?" मी म्हटलं, आणा. त्याने आणला. इतक्या लांब रस्त्याला एक पंखा. आम्ही तो हातात धरून काठाकाठाने चाललो, मागे विजेची दोरी ओढत. मिसेस बॅलार्ड गाडी थांबवून बघत राहिल्या.

शुक्रवारी पहाटे वारा सुटला. दुपारपर्यंत काठाचा रंग काळ्यावरून करडा झाला. मी वळणावर पाऊल आपटलं. दबलं. पण कमी दबलं. कमी म्हणजे पुरेसं कमी का, हे सांगणारं जगात कोणी नव्हतं.

मोजकेच लोक जमले. मिसेस बॅलार्डनी घडीची खुर्ची आणली. लॉर्ना तिच्या गाडीला टेकून उभी. बाबा शाळेतून लवकर आले, टायसकट. ड्वेटने टँकर चढाच्या तळाशी थांबवला, उतरून वळणापर्यंत चालत गेला, परत आला.

"मी सीटचा पट्टा नाही लावणार," तो म्हणाला. "उडी मारायला सोपं."

"उडी मारावी लागणार नाही," मी म्हटलं.

टँकर निघाला. पहिल्या टप्प्यात काही नाही. टणक. वळणाशी आला आणि वेग मंदावला. पुढची चाकं वळणावर गेली. खडी करकरली. मागची जोडचाकं आली आणि त्यांच्याखाली रस्ता दबला. मला दिसला. सगळ्यांना दिसला. रस्ता मोठ्या जनावराच्या पाठीसारखा खाली गेला, आणि खालच्या अंगाला कापडाच्या काठातून थेंब बाहेर आले, एका ओळीत, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाम फुटावा तसे. हार्लनने माझा दंड धरला. बोटं माशांच्या वासाची. चाकं फिरत होती. टँकर जागचा हलत नव्हता, की हलत होता? मग रस्ता वर आला. टँकर वळण ओलांडून गेला.

लॉर्ना काठाशी बसून थेंब बोटाने टिपत होती. वरून आमच्या टाकीत पाणी पडायचा आवाज यायला लागला, आणि आई दारात उभी राहून तो ऐकत होती.

सगळे वर आमच्या अंगणात आले, मिसेस बॅलार्ड खुर्चीसकट. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ड्वेट खूश झाला. खूश झालेला ड्रायव्हर फार वाईट. टाकी भरून झाल्यावर त्याने टँकर वळवायला मागे घेतला, ऐटीत, एका हाताने, आणि कापड जिथे संपतं त्याच्या पलीकडे, आईच्या कोबीच्या वाफ्याशेजारी, मागची चाकं गेली. रिकामा टँकर. पचाक असा आवाज आला आणि तो आसापर्यंत खाली बसला.

ड्वेट खिडकीतून बाहेर आला. टपावर चढला.

खाली कुत्रे ओरडायला लागले. मग बाबा घसा खाकरून म्हणाले, "वर आला. खाली गेला नाही."

मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "तो कापडावर रुतला नाही! कापड नाही तिथे रुतला!"

"अट रस्त्याची नव्हती, ब्रिन. टँकरची होती. वर आणि खाली."

मी लॉर्नाकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल, बाबांना गप्प करेल. तिने हातमोजे काढून खिशात घातले.

"बुलडोझर नेनानात आहे," ती म्हणाली. "अजून अंधार पडायला पुष्कळ वेळ आहे. तुझा रस्ता, तू काढ."

काढ म्हणे. मी चाकांभोवती फिरले. लापशी. मग मला दिसलं की डावं चाक गोठलेल्या थरावर टेकलंय, उजवंच अधांतरी आहे. म्हणजे सगळीकडे जोर लावायचा नाही, एकाच बाजूला. मी हार्लनच्या कुत्र्यांच्या घरांची दोन छपरं मागितली. त्याने उचकटून दिली. ती उजव्या चाकाखाली ठोकली. मिसेस बॅलार्डना खुर्चीवरून उठवून घडीची खुर्चीही घातली, त्यांनी हरकत घेतली नाही, वेळच दिला नाही मी. ड्वेटला टपावरून उतरवून आत बसवलं. आई, हार्लन, लॉर्ना आणि मी मागून ढकलायला लागलो. इंजिन ओरडलं, टँकर हलला, डुलला, परत बसला. पुन्हा. परत बसला. अजून एक माणूस हवा होता. फक्त एक.

बाबा पायऱ्यांवर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मेले तरी बघणार नव्हते.

ते पायऱ्या उतरले. शाळेचे काळे बूट चिखलात गेले, मग मोजे गेले. मिसेस बॅलार्ड म्हणाल्या, "आर्लो, तुम्ही ढकललंत आणि तो निघाला तर तुम्ही हरता."

"मला गणित येतं, युनिस," बाबा म्हणाले. त्यांनी टाय उलटा करून खांद्यावरून मागे टाकला आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

माझे बाबा शिक्षक आहेत. जन्मापासून त्यांनी मला जेवढे प्रश्न विचारलेत त्या सगळ्यांची उत्तरं त्यांना आधीच माहीत होती.

"कुठे ढकलू?" त्यांनी विचारलं.

"उजव्या कोपऱ्यात. खांदा लावा, हात नको. आणि तोंड मिटा, चिखल उडेल."

त्यांनी तोंड मिटलं.